आधी माणूस, मग फरशी

“आधी माणूस, मग फरशी! आणि जवळ सापडेल ते गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांच्या हातात!”

मेट्रनबाईंचा हा दरडावणीचा सूर सिस्टरच्या कानात चाळीस वर्षं मुरला होता. निवृत्तीनंतर दर सोमवारी त्या प्रथमोपचाराचा वर्ग घेत. मेट्रनबाईंची नक्कल करून हेच शिकवत, आणि मुली खुदुखुदु हसत.

त्या दुपारी मात्र फरशीचं फडकं त्यांच्याच हातात होतं.

त्यांचा मुलगा पलंगाशी पडलेला. ओठ निळसर, श्वासाची घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कंबरदुखीसाठी सुरू झालेल्या गोळ्यांची त्याला नशा लागली होती, त्या सुटत नव्हत्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, ॲम्ब्युलन्सला फोन केला. आणि मग, चार लोक येणार म्हणून, बादली ओढून उलटी पुसली, अभ्रा बदलला, गोळ्यांचं रिकामं पाकीट गाऊनच्या खिशात सारलं.

“मावशी, काय घेतलंय यानं?” ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं.

“काही नाही हो. सकाळपासून उपाशी आहे. साखर उतरली असेल.”

डॉक्टरांनी बोट टोचून पाहिलं. “साखर बरोबर आहे. मावशी, श्वास थांबत चाललाय. नीट आठवा!”

दारात शेजारीण येऊन उभी. “अगंबाई, काय झालं हो?” सिस्टरनी गाऊनचा खिसा हातानं झाकला.

डॉक्टरांबरोबर आलेली नर्स हळूच म्हणाली, “बाई, मी तुमच्याच वर्गातली. शेवटच्या बाकावरची.” आणि तिनं हात पुढे केला. नुसता हात.

शेजारणीच्या देखत सिस्टरनी पाकीट त्या हातावर ठेवलं. उताऱ्याचं इंजेक्शन लगेच गेलं. मुलाची छाती भरून वर आली, तेव्हा देवाचं नाव घ्यायचाही त्यांना धीर झाला नाही.

संध्याकाळी वॉर्डात तो क्षीण आवाजात म्हणाला, “आई, मला बादलीचा आवाज येत होता गं.”

त्यांनी मान खाली घातली.

“तुझ्या वर्गातल्या पोरींना सांगशील हे?”

“सांगेन.”

सोमवारी त्यांनी ते फडकं धुऊन, वाळवून, घडी करून पिशवीत ठेवलं. जिन्यात शेजारणीनं टोकलंच, “आजही वर्ग? आज तरी राहू द्यायचं होतं.”

“आजच जायचंय,” सिस्टर म्हणाल्या, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या.