वायसरदादांचं हवेचं इंजिन

पस्तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या घरची गळती थांबवली, त्याला स्वतःच्या घरात एक डबा चालवता येईना.

माणूस पाणीपुरवठ्यात फिटर होता. खिशात कायम दहा-बारा रबरी वायसर खुळखुळायचे, म्हणून सगळे त्याला वायसरदादा म्हणत. नळ गळो, टाकी पाझरो, दादांचा उपाय एकच: घट्ट करा. त्यांनी बंद केलेलं बरणीचं झाकण उघडायला बायकोला दोनदा लोहाराकडे जावं लागलं होतं. तिसऱ्यांदा लोहारच म्हणाला, "ताई, बरणी फोडा. स्वस्त पडेल."

निवृत्त झाल्यावर दादांच्या हाती एक जुनं मासिक लागलं. त्यात गरम हवेच्या इंजिनाचं चित्र होतं. पाणी नको, वाफ नको, तेल नको. खाली दिवा, वर गारवा आणि मधे डब्यात कोंडलेली हवा. हवा तापली की फुगते, निवली की आकसते, आणि त्या फुगण्या-आकसण्यावर चाक फिरतं. दादांना त्यातला 'कोंडलेली' हा शब्द फार आवडला. कोंडण्यात त्यांचा हात कोण धरणार?

मागच्या खोलीत कारखाना उघडला. दुधाच्या पावडरचा मोठा डबा, त्याच्या आत वरखाली होणारा हलका छोटा डबा. झाकणावर गार पाण्याची ताटली. झाकणाच्या कडेला एक आखूड नळी आणि नळीच्या तोंडावर हातमोज्याच्या रबराचा पडदा. सायकलच्या स्पोकला दोन बाक देऊन केलेला दांडा, आणि चाक म्हणून जुनी सीडी. दिसायला सगळं मासिकातल्यासारखं. फक्त मासिकातलंही फिरत नव्हतं आणि हेही फिरत नव्हतं.

"काय दाजी, इंजिन चालायला लागलं की अजून रांगतंय?" दर रविवारी येणारा मेहुणा विचारायचा. मेहुणा गणिताचा मास्तर. पोरांना इतकी शून्यं वाटली होती की सेवा संपल्यावरही लोक त्याला शून्य मास्तर म्हणत.

"रांगतंय कसलं," दादांची बायको म्हणायची, "पाचवा महिना लागलाय. माझे दोन डबे, चहाची गाळणी आणि एक चांगला हातमोजा पोटात गेलाय त्याच्या. डोहाळे काही संपत नाहीत."

"बारीकशी गळती आहे," दादा म्हणायचे. "सापडेल."

गळतीसाठी त्यांनी साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा आला नाही. मग सांध्यांना खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरली. मग लांबीवर डांबर. डबा इतका बंद झाला की आतल्या हवेचाही जीव गुदमरला असेल. तरी चाकाला हात लावला की दीड फेरा, आणि ठप्प.

इकडे सून कपडे शिवायची. हात चांगला, गिऱ्हाईक भरपूर, पण शिलाई मशीन बोळात. संडासाला जाणारा माणूस तिच्या पायावरून जायचा, आणि मापाला आलेली बाई स्वयंपाकघरात हात वर करून उभी राहायची. मागची खोली आपल्याला मिळावी एवढंच तिचं मागणं होतं. नवरा शहाणा. विषय निघाला की त्याला बाहेरचं काम आठवायचं.

एका रविवारी विषय निघालाच.

"खोलीत काय आहे, बाबा?" सून म्हणाली. "एक डबा, तोही बंद पडलेला."

"बंद पडलेला नाही. सुरू व्हायचा आहे."

"थांबा, थांबा," मास्तर म्हणाला. त्याला कशाचीही परीक्षा घ्यायला आवडायची. "पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी येतो. चाकाला एकदाच हात लावायचा. पुढे दहा मिनिटं ते आपलं आपण फिरलं, तर खोलीचं नाव कोणी काढायचं नाही. नाही फिरलं, तर सोमवारी मशीन आत, डबे बाहेर. कबूल?"

"कबूल!" दादा इतक्या जोरात म्हणाले की त्यांचं त्यांनाच ऐकून धडकी भरली.

त्या आठवड्यात दादा जेवायलाही खोलीतच बसले. कोणाला सांगायची सोय नव्हती, पण गोष्ट नुसत्या खोलीची नव्हती. पस्तीस वर्षं त्यांनी थांबवण्याचं काम केलं होतं. चालत्या नळाकडे कोणी फिटरला बोलावत नाही. मरायच्या आधी एक तरी वस्तू आपल्या हातून चालू व्हावी, एवढीच भूक होती. आणि भुकेला ते उपाय करत होते तो सवयीचाच: घट्ट करा.

शनिवारी दुपारी सून दारात उभी राहिली. "बाबा, कोटाच्या कॉलरला आणलेली लोकरीची जाड पट्टी दिसत नाही. गिऱ्हाईक बोळात बसलंय."

दादांनी कान खाजवला. त्यांचा कान खाजला की घरातलं काहीतरी गेलेलं असतं हे सुनेला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. ती सरळ आत आली. टेबलावर मोठा डबा उघडा होता, आणि त्यात छोट्या डब्याभोवती पट्ट्यासारखी गुंडाळून, डिंकाने चिकटवून, तिची लोकर.

"ही इथे कशाला?"

"अगं, दोन डब्यांच्या मधे फट राहत होती. ह्या अंगाची हवा त्या अंगाला जायची. आजवर चिंध्या भरायचो, त्या जळायच्या. आता लोकरीनं बुजवली."

"मग हवेनं जायचं कुठून?"

"जायचंच नाही! कोंडायची आहे ना!"

"बाहेर जायची नाही, ते कळलं. पण आत?" सुनेने छोटा डबा उचलून मोठ्यात घातला. तो करकरत, रडतरडत खाली गेला. "चित्रात बघा की. खालची तापलेली हवा ह्याच्या कडेनं वर जाणार, निवून परत कडेनंच खाली येणार. तुम्ही तिची वाटच शिवून टाकलीत. बाही एवढी घट्ट शिवली तर माणसाचा हात वर जाईल का?"

पाच महिने दादांनी ज्या फटीला चोर समजून पकडलं होतं, ती घरची मालकीण निघाली होती.

सुनेने कात्रीच्या टोकाने लोकर सोडवली. मग रबरी पडदा पाहिला. दादांनी तो ढोलासारखा ताणला होता. "ह्याला पण श्वास घ्यायला जागा नाही," असं म्हणून तिने तोही सोडला, थोडा सैल ठेवून दोऱ्याने सारख्या वेढ्यांनी बांधला, आणि पट्टी घेऊन गेली. उद्या हा डबा चालला तर आपली खोली गेली, हे तिला दारातून बाहेर पडताना कळलं. ती क्षणभर थांबली. पण गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

दादांनी झाकण बसवलं, दिवा लावला. ताटलीत गार पाणी ओतलं. चाकाला बोट लावलं.

चाक फिरलं. फिरतच राहिलं. टुक टुक टुक टुक. दादा स्टुलावर बसले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ही गळती मात्र त्यांनी थांबवली नाही.

रविवारी मास्तर घड्याळ काढून बसला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. शेवटी मास्तरच कंटाळला. "उत्तीर्ण!" तो म्हणाला. त्याच्या आयुष्यातला बहुधा तो पहिलाच. "दाजी, चूक काय होती मग?"

सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती. दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे पाहिलं, मग छताकडे.

"गळती होती," ते म्हणाले. "बारीक. सापडली."

सुनेने चहा ठेवला आणि बोळात जाऊन बसली. त्या दिवशी तिचं मशीन नेहमीपेक्षा जोरात चाललं.

आठवडाभर दादांची छाती डब्यापेक्षा जास्त फुगलेली. रस्त्यातल्या ओळखी-अनोळखी माणसाला धरून आणून इंजिन दाखवायचे. मास्तरने तर जाहीरच केलं, की येत्या रविवारी शाळेतले तीन जुने सोबती घेऊन येतो.

शनिवारी उष्णतेने रबराला चीर गेली. चाक थांबलं.

नवा हातमोजा कापून दादांनी पडदा बांधला. सुरकुत्या पडल्या. पुन्हा बांधला. फाटला. तिसऱ्यांदा हवा सुटली, फुस्स. म्हणजे आता खरोखरची गळती होती, अगदी डोळ्यांसमोर, आणि गळतीच्या राजाला ती आवरेना. पान्हा धरून धरून राठ झालेली बोटं. त्यांना घट्ट करता यायचं, सैल सोडता यायचं नाही.

दुपारी ते बोळात येऊन उभे राहिले. "सूनबाई, जरा हात रिकामा आहे का?"

"हात आहे," ती शिवतशिवत म्हणाली. "पाय मोकळे नाहीत. ह्या बोळातून कोण सारखं उठणार? मी तिथेच आत असते, तर बसल्याबसल्या बांधून दिला असता. आणि तो रबर काय, दर आठवड्याला फाटणार."

"खोलीचं नाव काढायचं नाही असं ठरलंय."

"मी कुठे काढलं?"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, मशीनची एक बाजू धरा. कंबर सांभाळून."

रविवारी मास्तर सोबत्यांना घेऊन आला, तेव्हा खोलीत खिडकीशी शिलाई मशीन होतं, भिंतीला कपड्यांची दांडी होती, आणि कोपऱ्यात एका स्टुलावर इंजिन टुकटुकत होतं.

"दाजी, तुम्ही जिंकलात ना? मग हे?"

"मीच म्हटलं, ये आत. मोठी खोली आहे. आपण काय एवढे..." दादांनी हात हवेत फिरवून आपलं मन किती मोठं आहे ते दाखवलं.

सोबत्यांतला एकजण पूर्वी विज्ञान शिकवायचा. तो वाकून बघत होता. "वा! आतल्या डब्याला फट किती ठेवलीत?"

पाच महिने दादांनी ती फट बुजवली होती; मोजली कधीच नव्हती.

"कडेनं करंगळीचं नख सहज जाईल एवढी," सून मान वर न करता म्हणाली. "आधी माझी लोकर भरली होती तिथं. मी काढली, तेव्हा फिरलं."

चारही डोकी तिच्याकडे वळली, आणि मग सावकाश दादांकडे. मास्तरने खिशातून पेन काढलं, का ते त्यालाच ठाऊक. दादांचा हात सवयीने खिशात गेला. दहा-बारा वायसर होते, सगळ्या मापांचे. ह्या गळतीच्या मापाचा एकही नव्हता.