पाचशे पिशव्या

‘क्ष’ची गाठ अजून लालच होती... दोन वर्षं झाली, त्या पिशवीतून किती मेथी आणि किती दोडके गेले असतील, तरी अक्षराच्या पोटातली ती गाठ कालच छापल्यासारखी लाल, आणि तिला चिकटून ‘मा’, तोही तसाच. पिशवी धरणाऱ्या बाईच्या चालीबरोबर ते नाव तिच्या गुडघ्याशी हेलकावे खात पुढे चाललं होतं आणि चंदना त्याच्या मागोमाग चालली होती, कारण बाजारच्या दिवशी निपाणीच्या त्या गल्लीतून पुढे सरकायला दुसरी वाट नसते.

बाई ओळखीची नव्हती. पिशवी होती. जाड पांढरं कापड, वर ‘शुभविवाह’, मध्ये ‘चि. विनय – चि. सौ. कां. क्षमा’, आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ – ‘बाजाराला निघताना मला विसरू नका.’ कडांना पिवळी पट्टी. आज बाजारात पाय टाकल्यापासून ही चौथी. सुट्टीला आली की मोजायचं नाही असं ती दर वेळी घरून ठरवून निघते, आणि नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीपाशी येईपर्यंत आकडा आपोआप सुरू झालेला असतो. लोकांना घरी दुसऱ्या पिशव्या नाहीत का? इतक्या लग्नांत इतकं काय काय वाटलं जातं, ते सगळं फाटतं, हरवतं, माळ्यावर जाऊन पडतं, आणि हीच तेवढी बरी प्रत्येकाच्या दाराच्या खिळ्याला टांगलेली असते!

टिकणारच. कापड मी निवडलं होतं.

हे ती कुणाला सांगत नाही; सांगून काय सांगणार? की बायांनो, तुमच्या हातातली ती पिशवी माझ्या डोक्यातून निघाली आहे? तिचं विनयशी लग्न ठरलं तेव्हा त्याच्या घरी पाहुण्यांना स्टीलचे डबे द्यायचं चाललं होतं. रायाप्पा अण्णा म्हणजे विनयचे वडील, भुसार मालाचे व्यापारी, डब्यांचा भावसुद्धा काढून बसले होते. तिनेच विनयला फोनवर म्हटलं होतं, डबे काय सगळ्यांकडे असतात, प्लास्टिकच्या पिशव्या बंद होताहेत, कापडी पिशवी देऊ या, रोज हातात राहील. रोज हातात राहील! हे तिचेच शब्द. मग बेळगावला वडगावात मागवाल्या विणकराच्या घरी कापड बघायला दोघं स्कूटरवरून गेले. दोघं मिळून कुठे गेले असतील तर तेवढेच, एकदाच. तिने कापड बोटांत चोळून पाहिलं, उजेडाला धरलं, आरपार काही दिसू नये इतकं जाड हवं म्हणाली, रंग पक्का हवा म्हणाली. मागांचा खडखडाट असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये... त्या खडखडाटात विनय तिच्याकडे बघून काहीतरी म्हणाला. तिने “काय?” म्हणून विचारलं, तर त्याने हसून मान हलवली. बाहेर आल्यावर पुन्हा विचारायला ती लाजली. आता वाटतं, विचारायला हवं होतं. तेव्हा तो जे म्हणाला ते क्षमाला सांगून झालं असेल, मागांच्या आवाजाशिवाय, सगळं नीट ऐकू येईल असं.

लग्नाला एकवीस दिवस असताना तिच्या रेल्वेच्या नोकरीची ऑर्डर आली. बुकिंग क्लार्क, लोंढा. अण्णांनी निरोप पाठवला, सून लोंढ्याला ठेवून आम्ही इथे काय करायचं, नोकरी नको म्हणावं. तिने सहा महिने मागितले, बेळगावला बदली मिळेल म्हणाली. विनयचा फोन आला. “अण्णा म्हणतील तसं,” एवढंच. लग्न मोडलं. चार महिन्यांनी त्याचं सदलग्याच्या क्षमाशी लग्न झालं. पिशव्या वाटल्या गेल्या, पाचशे. तेच कापड, तीच लाल अक्षरं, ती ‘मला विसरू नका’ची ओळही तिचीच, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. म्हणजे छापायच्या आधीच मोडलं असणार आणि छापखान्यात जाऊन कुणीतरी फक्त नाव बदललं असणार. दोन अक्षरांचं काम. पिवळी पट्टी तेवढी नवी. ती क्षमाची आवड असणार. चंदनाला ती पट्टी सगळ्यात जास्त झोंबायची, कारण ती खरंच चांगली दिसत होती.

तेव्हापासून तिने त्या पिशवीला हात लावला नव्हता. शेजारच्या पूर्णिमाकाकू एकदा तीतून कैऱ्या घेऊन आल्या, तर तिने कैऱ्या ओंजळीतून नेल्या. हेवा वाटतो का? वाटतो. सरळ वाटतो. विनयचा नव्हे... विनयचा चेहरा आता नीट आठवतही नाही. त्या नावाचा वाटतो. एका बाईचं नाव सगळ्या गावाने रोज हातात धरून बाजार करावा, आणि माझं नाव लोंढ्याच्या खिडकीत छातीवरच्या बिल्ल्यावर, तेही इंग्रजीत, आणि तिकीट घेणारा माणूस ते कधीच वाचत नाही.

जयाबाईच्या पालाशी ती थांबली. टोमॅटो, दोडके, काकडी. स्वतःची निळी नायलॉनची पिशवी तिने पुढे केली, बाबांच्या वेळची, आणि शेवटची काकडी आत पडताच तिचा एक बंद तुटला. टोमॅटो घरंगळत रस्त्यावर गेले.

“कॅरीबॅग मागू नगंस बाई,” जयाबाईने आधीच सांगून टाकलं, “मुन्शिपाल्टीची माणसं सकाळीच फिरून गेल्यात. आता वडणीत बांधून न्हेतीस काय?”

“आक्का, थांबा, पायाखाली येतील,” कुणीतरी म्हणालं.

दोन हात खाली वाकले आणि टोमॅटो गोळा करू लागले. चंदनाला आधी पिवळी पट्टी दिसली, मग हिरव्या बांगड्या आणि मग चेहरा. फोटोत पाहिला होता त्यापेक्षा वाळलेला. क्षमाजवळ दोन पिशव्या होत्या, एक भरलेली, एक रिकामी. दोन्ही त्याच... अर्थात.

“ही घ्या,” क्षमाने रिकामी पुढे केली.

“नको.”

“घ्या की. आमच्याकडं लई हाईत.”

असणारच, चंदनाच्या मनात आलं. पण टोमॅटो क्षमाच्या हातात होते, जयाबाई दोघींकडे टक लावून बघत होती, मागे उभ्या बायका “सरका की वो” म्हणत होत्या. क्षमाने पिशवी द्यायच्या आधी तिचं तोंड उघडून क्षणभर आत पाहिलं, काही राहिलंय का ते बघतात तसं. मग स्वतःच एकेक टोमॅटो आत ठेवला.

“लोंढ्याला एकट्याच ऱ्हाता व्हय, आक्का?”

“व्हय.”

“आनि खोलीची किल्ली तुमच्याकडंच आसती?”

“मग कुणाकडं आसनार?” चंदना फटकन बोलून गेली.

“न्हाय, सहज इचारलं.” क्षमा हसली, हसताना तिने बांगड्या मागे सारल्या. “पिशवी परत द्यायला येऊ नगासा. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच.”

किल्ली! घरी जाईपर्यंत हाच एक शब्द तिला डसत राहिला. म्हणजे काय विचारायचं होतं तिला? एकटी राहतेस, रात्री दाराला आतून कडी घालायला दुसरं कुणी नाही, हेच ना? आणि वर पिशवी दान! आमच्याकडं लई हाईत... नवरा आहे, घर आहे, पिशव्या आहेत, घे तुला एक. नावाची बाजू पायाशी यावी अशी तिने ती धरली, तरी वळणावर वारा आला की पिशवी फिरायची, आणि मग समोरून येणारा माणूस आधी पिशवीकडे बघायचा आणि मग तिच्याकडे. कोपऱ्यावरच्या गिरणीतल्या दोन बायका बोलायच्या थांबल्या. त्या काय पाहत होत्या हे तिला कळत होतं – विनयचं आणि क्षमाचं नाव, हमाल चंदना.

घरी पोचेपर्यंत एक टोमॅटो फुटून तळाला डाग पडला होता. तिने भाजी सुपात ओतली आणि पिशवी न्हाणीघरातल्या दगडावर आपटली. साबण लावला. डाग तळाला होता, पण ब्रश चालला तो नावावर. ‘क्ष’वर, ‘मा’वर, पुन्हा ‘क्ष’वर, हात दुखेपर्यंत. फेस गुलाबीसुद्धा झाला नाही. पक्का रंग. तूच मागितला होतास ना?

पिळून झाल्यावर तिने सवयीने दोन्ही हात आत घालून कोपरे धरले आणि पिशवी उलटी केली. छापलेलं कापड उलटं वाळत घालायचं, नाहीतर उन्हाने रंग जातो. हे लहानपणापासून हातात बसलेलं असतं, त्यासाठी डोकं लागत नाही. कोपरे बाहेर आले. आतली बाजू वर आली.

तिथे तिचं नाव होतं.

‘चि. विनय – चि. सौ. कां. चंदना.’ फिकट, विटलेलं, जुन्या फेट्याचा रंग असतो तसं, पण स्वच्छ वाचता येणारं. वर ‘शुभविवाह’. खाली तिची ओळ. शिवण आतल्या अंगाने सरळ आणि सुबक होती, कारण ती मुळात बाहेरचीच बाजू होती... आणि पिवळी पट्टी कशाला, हे तिला त्याच क्षणी कळलं. पिशवी उलटली की शिवणीचे धागे बाहेर येतात. ते झाकायला पट्टी. आवड कुणाचीच नव्हती.

“आई!”

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायला हवीत म्हणून तिची घाई चालली होती. हात पिठाचे होते. तिने पिशवी पाहिली आणि हात पुसायला पदर शोधू लागली.

“आज न्हाई उद्या दिसनारच हुतं,” ती म्हणाली. “छापून आल्या आनि चार दिसांत मोडलं. रायाप्पा अण्णा ते, कापड फुकट घालवत्यात व्हय? शिंप्याकडनं उलटून घेटल्या, पट्टी मारली, वरनं दुसरं नाव छापलं.”

“तुला कधी कळलं?”

“पूर्णिमानं दाखिवली. लगीन झाल्यावर म्हैन्याभरात.”

“म्हणजे गावात सगळ्यांना—”

“धुतल्यावर कुणाला दिसत न्हाय गं? तूच तेवढी हात लावत नव्हतीस.”

आई आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

आधी आला तो आनंद, आणि तो चांगला नव्हता. पाचशे घरांत! पाचशे घरांतल्या खिळ्यांवर, मेथीच्या आणि दोडक्यांच्या खाली, माझं नाव! तिच्या नावाला माझ्या नावाचं अस्तर! गिरणीतल्या त्या बायका काय पाहत होत्या ते आता उलटं झालं, बाजारात टक लावून बसलेली जयाबाई उलटी झाली, दोन वर्षं उलटी झाली. चंदनाला मोठ्याने हसावंसं वाटलं आणि तिने ओल्या पिशवीने तोंड दाबून धरलं.

मग ती परड्यात दोरीपाशी गेली, आणि तिथे तिच्या मनात सावकाश दुसरं काहीतरी आलं. माझं नाव एवढं विटलं कशाने? आतलं नाव उन्हाला लागत नाही. विटलं ते वाळत घालून. म्हणजे अण्णांच्या माडीवरच्या दोरीवर, आठवड्यातून एकदा, दोन वर्षं, क्षमा आपलं नाव आत दडवून माझं नाव उन्हात धरत होती. रंग जपायचा तर तसंच करावं लागतं. सासू बघत असेल, शेजारच्या माड्या बघत असतील. सुरुवातीला तिला कुणी सांगितलं असेल? की सांगितलंच नसेल, आणि लग्नानंतरच्या पहिल्या धुण्याला, हळदीचे हात असताना, तिनेही असेच दोन कोपरे धरून ओढले असतील... आणि विनयला विचारलं असेल तर तो काय म्हणाला असेल? अण्णा म्हणतील तसं.

पिशवी देण्याआधी क्षमाने आत बघितलं होतं. काही राहिलंय का ते नव्हे. तिला ठाऊक होतं आत काय आहे. आणि मग तिने किल्लीचं विचारलं... आणि मी कशी फटकन बोलले.

चंदनाने पर्समधली किल्ली आठवली. रेल्वेच्या क्वार्टरची, पितळी, तिच्यावर कुणाचंही नाव नसलेली. दुपारची ड्युटी संपवून ती स्वतः कुलूप उघडते, पंखा लावते, पाय पसरून बसते; यात कुणाला काही हेवा करण्यासारखं असेल असं तिला एकदाही सुचलं नव्हतं. अण्णांच्या घरात किल्ल्या अण्णांच्या कमरेला असतात, हे ती विसरलीच होती. ऑर्डर आली नसती तर एकवीस दिवसांनी त्या घरात जाणारी तीच तर होती.

पिशवीचा एक कोपरा तिच्या मुठीत होता. अशीच घालावी तर शेजारून पूर्णिमाकाकूंना तिचं नाव दिसणार. उलटी करावी तर क्षमाचं नाव उन्हाला लागणार. आता ऊन तरी कुठे उरलं होतं! तिने हात आत घातला, अर्धी उलटवली आणि थांबली. अर्धी पिशवी बाहेर, अर्धी आत, पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं.

“जेवायला ये गं, दिवस चालला,” आईने आतून हाक मारली.

ती हलली नाही. दोन वर्षं ती समजत होती की या गावात एकटी आपणच जळतो आहोत. ते जळणं निदान पुरतं तिचं होतं, दुसऱ्या कुणाचं नाव त्यावर नव्हतं. आता त्यातही वाटेकरीण निघाली, आणि तीही नेमकी क्षमाच. चंदनाला पहिल्यांदा आला तो याचा राग, आणि तो राग ओसरेपर्यंत ती दोरीपाशी तशीच उभी राहिली. पण तो ओसरला तेव्हा खाली काय उरलं ते तिला ओळखता येईना. तिला फक्त एवढंच आठवत राहिलं की क्षमाच्या हाताला हिरव्या बांगड्या सैल झाल्या होत्या, आणि ते आपण बाजारातच पाहिलं होतं.