उन्हाचं पाणी आणि पांढरा रुमाल

“रड, मन भरून रड. रडून झालं की चहा पी. आता हेच तुझं घर.”

बुरुलच्या आईचा हा आवाज. आईला जाऊन कितीतरी हिवाळे लोटले होते, पण कढईतलं तेल तापून कुजबुजू लागलं की तो आवाज अजूनही बुरुलच्या कानाशी येऊन बसे. आजही बसला. तिनं मान झटकली आणि कणकेचे तुकडे तेलात सोडले. बोरसोक टम्म फुगून वर आले. उद्या पहाटे लेक निघायची होती. वाटेत खायला घरचं काही हवं.

सैकाल शिष्यवृत्ती मिळवून फिनलंडला चालली होती, शाश्वत ऊर्जेच्या विज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घ्यायला. नारीनच्या डोंगरातल्या त्या गावात एवढं लांबलचक नाव कुणाच्या जिभेवर टिकत नसे.

“जिथं हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, तिथं जाऊन ऊन शिकणार?” सैकालचा काका जुमाबेक म्हणे, आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसे.

“ज्यांच्या वाट्याला ऊन कमी, तेच ते जपून वापरतात, काका,” सैकाल म्हणे.

ती शाळेत होती तेव्हाची गोष्ट. तिनं रिकामे डबे काळे रंगवले, नळीनं एकमेकांना जोडले आणि छपरावर मांडले. बाहेर बर्फ होतं, वीज गेलेली होती, घरात शेणीचा धूर कोंडला होता. दुपारी तिनं आईसमोर घमेलं आणून ठेवलं. “हात बुडव. उन्हाचं पाणी आहे.” थंडीनं भेगाळलेले बुरुलचे हात त्या कोमट पाण्यात कितीतरी वेळ पडून राहिले. त्या दिवसापासून ती कणीक मळताना गुणगुणायची:

*माझ्या लेकीच्या ओंजळीत ऊन गं मावतं,*
*डोंगराचं पाणी तिच्या मागं गं धावतं.*

लेकीला मात्र तिनं एक खोटी गोष्ट सांगितली होती. “तुझे बाबा घोड्यावरून आले आणि मी हसत त्यांच्या मागं बसले.” लहानपणी सैकाल ती पुन्हा पुन्हा सांगायला लावी. पुढे तिचा नवरा कादिर वारला, आणि गेलेल्या माणसाची गोष्ट मोडायला बुरुलचं मन धजेना.

दार ढकलून जुमाबेक आत आला. त्याच्यामागं अंगणात दोन पुरुष मेंढा धरून उभे होते.

“वहिनी, गोड बातमी! उलानकडच्यांनी आपल्या सैकालला सून करायला उचलून नेलं. मैत्रिणीचा निरोप घ्यायला चालली होती, वाटेतच गाडीत घातली.”

“तिनं उलानला लग्नाला दोनदा नाही म्हटलंय, भावोजी.”

“पोरी नाहीच म्हणतात! घर चांगलं आहे. मेंढा तरी बघा केवढा धाडलाय! आणि एक रात्र तिथं काढलेली पोर परत आणली, तर मी गावात तोंड कुठं लपवू?”

“रात्र व्हायची आहे अजून.”

कढईतले बोरसोक करपत होते. बुरुलनं चूल विझवली आणि पिठाच्या हातांनीच ती निघाली.

उलान आपल्या घराच्या अंगणात गाडीच्या चाकाशी उगाच खटपट करत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. आतल्या खोलीत कोपऱ्यात नव्या नवरीला बसवायचा पडदा टांगलेला होता. पडद्यापुढं सैकाल उभी होती, केस सुटलेले, मनगटं धरून धरून लाल झालेली. पांढरा रुमाल तिच्या पायाशी पडला होता. तो एकदा डोक्याला बांधला की ती त्या घरची सून.

“बांधून घे गं बाई, आमचे हात दुखले,” उलानची आत्या म्हणाली.

“आम्ही सगळ्या रडतच आलो,” उलानची आई हसली. “मेली का कुणी त्यानं?”

दार उघडं होतं. पण उंबऱ्यावर उलानची आजी आडवी पडली होती. सोनुन आजी, मखमली डगल्यात, डोळे मिटून. वडीलधाऱ्या माणसाला ओलांडून जाणारीचा जन्म करपतो, हे गावातल्या प्रत्येक मुलीला दुधाबरोबर पाजलेलं. उन्हाची उष्णता मोजणारी मुलगी त्या वाळक्या देहापुढं थिजून उभी होती.

“या, विहीणबाई! दोन शब्द सांगा लेकीला. तुमचं ऐकेल ती,” उलानची आई म्हणाली.

बुरुल उंबऱ्याबाहेर उभी राहिली. रड, मन भरून रड. शब्द जिभेच्या टोकाशी आले होते. आयते, पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झालेले.

“आई,” सैकालचा आवाज फाटला. “तू तर हसत आलीस ना बाबांबरोबर? मग मलाच का सोसवत नाहीये? माझ्यातच काही खोट आहे का?”

“हसत?” सोनुन आजी डोळे न उघडताच म्हणाली. “कसली हसत! तिला आणलं तेव्हा पडदा मीच धरला होता. गुरासारखी हंबरत होती तुझी आई. झालाच ना पुढं संसार? तुझाही होईल. बांध रुमाल.”

सैकालनं आईकडं पाहिलं.

बुरुलनं पिठाचे हात एकमेकांवर घासले, मग ते उंबऱ्यावरून आत लेकीपुढं धरले.

“आजी खरं सांगतात,” ती म्हणाली. “मी हसले नव्हते गं. मला बिश्केकला जाऊन नर्स व्हायचं होतं. पेटी भरलेली होती. तुझे बाबा पुढं चांगले वागले, पण त्या दिवशी मला त्यांनी विचारलं नव्हतं. माझी आई अशीच दारात आली, मी तिला म्हटलं, मला घरी ने. तिनं मला चहा प्यायला सांगितला. एवढी वर्षं मी तो चहा पितेय, सैकाल. आजींना ओलांडल्याचा शाप असेल तर तो माझ्या डोक्यावर. टाक पाऊल. चल, पोरी, घरी चल.”