अदलाबदलीची पोरं

या शिरगणतीतून रोझाल नेनीला काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. तिला तिची मुलगी मिळणार होती. म्हणजे मुलगी होतीच, एटेल नावाची, गावच्या शाळेत मग्यार, म्हणजे हंगेरियन भाषेच्या, वर्गाची बाई. पण ती गावात राहणार की जाणार, हे त्या मोजणीवर टांगलेलं होतं. गावात मग्यार बोलणारी तीस मुलं भरली तर वर्ग राहणार, आणि वर्ग राहिला तर एटेल राहणार. नाही भरली तर बदली. आणि मग्यार बाईची बदली करायची म्हटली की सरकारला नेमका दक्षिणेचा डोंगरमुलूखच आठवायचा, वार्दर नदीपल्याडचा, जिथून माणूस वर्षातून एकदा घरी आला तर आला. रोझालचा नवरा आणि मुलगा दोघेही महायुद्धात गॅलिशियाला गेले ते तिकडचेच झाले. मागे उरली होती एटेल.

हिशेब जमतही होता. मुलं बत्तीस होती. दुसरी कुणी असती तर चर्चमध्ये मेणबत्ती लावून गप्प बसली असती. पण रोझाल नेनीला पोटापुरतं कधी पुरलं नाही. ताटात उरलं तरच तिला जेवल्यासारखं वाटायचं. दोन मुलांना गोवर झाला तर? एखादा मजूर बायकापोरांसकट दुसऱ्या गावी गेला तर? काठावरचं घोडं कधीही पाण्यात पडतं, असं ती म्हणायची.

गाव तीन भाषांचं. वरच्या आळीत मग्यार, मधल्या आळीत श्वाब, म्हणजे इथले जर्मन, आणि घुमटाच्या देवळाभोवती सर्ब. पूर्वी राजा व्हिएन्नाला बसायचा, आता बेलग्रेडला. नुकतंच देशाचं नावही बदललं होतं. गावाला त्याचं विशेष नव्हतं. घोडा विकायचा तर श्वाबाशी बोलता आलं पाहिजे, कचेरीत काम असेल तर सर्बाशी, आणि भांडायचं असेल तर मग्यारमध्येच मजा. म्हणून पोर दहा-अकराचं झालं की त्याला वर्षभर दुसऱ्या भाषेच्या घरी राहायला पाठवायचं आणि त्या घरचं पोर आपल्याकडे आणायचं, ही तिथली जुनी रीत. कुणी शिकवणीला पैसे देत नसे. तुमचं पोर आमच्याकडे जेवतंय, आमचं तुमच्याकडे, फिटंफाट.

या जोड्या लावायची रोझाल नेनी. नेनी म्हणजे मावशी. सर्बही तिला नेनीच म्हणत. कुठल्या घरी सासू खाष्ट आहे, कुठल्या घरी सूप पातळ असतं, कुठलं पोर रात्री गादी ओली करतं, सगळं तिच्या डोक्यात. जोडी लागली की दोन्हीकडून एकेक पोसलेलं बदक घरी यायचं. आणि तिनेच घालून दिलेला एक नियम होता: पोर चुलीपाशी आहे तोवर ते आपलं. त्याच्यादेखत 'परकं' हा शब्द काढायचा नाही. कुणी विचारलं तर छाती काढून सांगायचं, आमचंच. "नाहीतर पोर एका रात्रीत आईकडे पळतं," ती गावातल्या सुनांना दटावायची, "आणि पळालेलं पोर पुन्हा त्या उंबऱ्यावर येत नाही."

त्या वर्षी शरदात तिने आठ जोड्या लावल्या.

"आठ?" रेगिना म्हणाली. रेगिना वेंडेल ही तिची श्वाब मैत्रीण. तिचा मातेस यंदा खोगीरवाल्या बालिंतच्या घरी होता आणि बालिंतची पिरोश्का तिच्याकडे. दोघी बदकांची पिसं सोलत बसल्या होत्या. "दरवर्षी तीन, फार तर चार. यंदा काय पोरांचा बाजार मांडलायस?"

"शिकू दे की. भाषा काय खायला मागते?"

"रोझाल, तू नाकसुद्धा फुकट शिंकरत नाहीस. खरं सांग."

मग रोझालने खरं सांगितलं. मार्चअखेर शिरगणती आहे. श्वाबांची आठ पोरं मग्यार घरी जेवताहेत, मग्यारमध्ये शिव्या देताहेत. ती मग्यार म्हणून लागतील. आणि मग्यारांची आठ श्वाबांकडे आहेत, त्यांच्याबद्दल श्वाब बायकांनी फक्त खरं तेच सांगायचं, की यांची भाषा मग्यार.

रेगिनाने पिसं सोलणारा हात थांबवला. "म्हणजे आमची ती तुमची, आणि तुमची तीही तुमचीच."

"तुम्हाला काय तोटा? तुमच्या वर्गात बसायला बाकं पुरत नाहीत. विहिरीतून तांब्याभर गेलं तर विहीर काय रडते?"

"दोन्ही हातांनी वाढून घ्यायची तुझी खोड जायची नाही," रेगिना हसली. मग हसू आवरून म्हणाली, "एटेलसाठी ना? सांगेन मी. बाकीच्यांनाही सांगते."

मोजणीला स्वेतोझार मास्तर निघाले. शाळेचे मुख्य तेच, सर्ब, सरळ माणूस. चिखल घोट्याच्या वर, आणि प्रत्येक घरी प्लमच्या दारूचा पेला. दुपारपर्यंत त्यांचं अक्षर बरंच मोकळं झालं होतं. वरच्या आळीत रोझाल अंडी विकण्याच्या निमित्ताने एक घर मागे राहून चालत होती.

बालिंतच्या घरी मास्तरांनी मातेसकडे बोट दाखवलं. "हा कोणाचा?"

"आमचा," बालिंतची बायको म्हणाली.

"नाक तर अगदी वेंडेलांचं आहे."

"नाकाला इथं कोण विचारतं, मास्तर? तोंडाला विचारा. सकाळपासून चौथ्यांदा भाकरी आणि चरबी मागतंय, आणि मागतंय मग्यारमध्ये."

"आईची भाषा कुठली लिहू?"

"कुठली आई? जन्म दिला ती की जेवायला घालते ती?"

"कागदावर एकीचीच सोय आहे, बाई," मास्तर म्हणाले आणि मग्यार लिहून मोकळे झाले.

संध्याकाळी रोझालने खसखस घातलेल्या शेवया केल्या, लेकीला दुप्पट वाढल्या. एटेल म्हणाली, "आई, कुणाचं लग्न आहे?" रोझाल नुसती हसली. तिच्या हिशेबाने चाळीस झाली होती.

ईस्टरनंतर मास्तर आले ते टोपी हातात घेऊन. ज्याला घरात टोपी उतरवायची सवय नाही, त्याने ती हातात घेतली की ओळखावं.

"नेनी, वर्ग गेला."

"गेला कसा? चाळीस आहेत!"

"एकवीस."

तालुक्याहून साहेब आला होता. मग्यारांच्या रकान्यात त्याला ओळीने श्वाब आडनावं दिसली. दरवर्षीच्या तीन-चारांकडे कोणी बघितलंही नसतं; आठ नावं डोळ्यांत भरली. त्याने लाल पेन्सिल घेतली आणि ती आठ उडवली. पेन्सिल हातात होतीच, तर चांभार फिशरची तीन लेकरंही उडवली. फिशरांच्या तीन पिढ्यांत कुणाला जर्मनमध्ये शिंकताही आलं नव्हतं, पण आडनाव जर्मन होतं.

"बरं, ही गेली," रोझाल म्हणाली. "पण श्वाबांकडची आमची आठ? ती तर दुदाश, सबो, केरेकेश! त्यांच्या आडनावाला काय झालं?"

मास्तरांनी टोपी फिरवली. "त्यांच्याबद्दल घरच्यांनी जर्मन सांगितलं."

"कोणत्या घरच्यांनी?"

"सगळ्या."

"मग आडनाव बघा ना! इथं आडनाव खरं, तर तिथं का नाही?"

"मी हेच विचारलं. साहेब म्हणाला, तिथं घरच्यांनी तोंडाने सांगितलंय, म्हणून तिथं तोंड खरं. इथं आडनाव बोलतंय, म्हणून इथं आडनाव खरं." मास्तर उठले. दारात थांबून म्हणाले, "नेनी, पोरं आपापल्या घरी असती, तर फिशरांना कुणी हात लावला नसता. बत्तीस होती तुमची."

रोझाल तशीच मधल्या आळीत गेली. रेगिना अंगणात बटाट्याचं बियाणं कापत होती आणि शेजारी पिरोश्का, डोक्याला श्वाब बायकांसारखा रुमाल बांधून, तिच्याहून भराभर कापत होती.

"बाहेर ये," रोझाल म्हणाली.

कुंपणापाशी रेगिनानेच आधी तोंड उघडलं. "मला माहितीय तू कशाला आलीस. मी सांगणार होते, रोझाल. देवाशपथ सांगणार होते. मास्तरांनी विचारलं, ही कोणाची? आणि मी तोंड उघडायच्या आत ती पोर चमचा हातात घेऊन म्हणाली, मी या घरची. आमच्या भाषेत म्हणाली, एक चूक नाही. माझ्याकडे बघत होती, बरोबर बोलले का म्हणून. आता तिच्या डोक्यावरून मी काय बोलायचं होतं? ही आमची नाही?"

"बाकीच्या सात?"

"त्यांचंही तेच. वीस वर्षं तूच तर घोकून घेतलंस आमच्याकडून."

रोझालने बोटांवर मोजून बघितलं. मग ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर. साहेबाला सांग, चुकून बोलले. आठांतली एकेक परत आणू. एकवीस आणि आठ. फिशरांचं एक जरी सोडवलं तरी तीस होतात."

"येते. पण साहेब पोरीला विचारणारच. तिला न्यावं लागेल."

"नेऊ."

"तिच्यादेखत बोलावं लागेल."

रोझालने तेव्हा हो म्हटलं. ते हो तिला पुढे फार वर्षं आठवत राहिलं.

तालुक्याच्या कचेरीत साहेब तरुण होता, सभ्य होता, त्याने दोघी बायकांना खुर्च्या दिल्या. पिरोश्का नवे बूट घालून उभी होती. रेगिनाने ईस्टरला घेऊन दिलेले. साहेबाने विचारलं, आणि रेगिना भिंतीकडे बघत म्हणाली, "ही पोरगी आमची नाही. परकी आहे. वर्षापुरती ठेवलीय." पिरोश्काने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा रोझालकडे. बूट एकमेकांना जुळवून घेतले.

साहेब म्हणाला, "आजी, तुमचं म्हणणं पटतं. पण कागद सोमवारीच बेलग्रेडला गेले." आणि उठून त्याने दोघींसाठी दार उघडून धरलं.

परतताना वेशीपाशी पिरोश्का गाडीतून उतरली आणि मधल्या आळीकडे न वळता थेट वरच्या आळीला, बापाच्या घरी गेली. बालिंतला वाटलं, काहीतरी विसरून आली. थोड्या वेळाने मातेसचं गाठोडं बांधलं गेलं, कारण एक पोर परत आलं तर दुसऱ्याला ठेवून घेणं रीतीत बसत नव्हतं. त्या आठवड्यात बाकीच्या सात जोड्याही सुटल्या. आणि पुढच्या शरदात रोझालकडे कुणी आलं नाही. सर्ब नाही, श्वाब नाही, मग्यारही नाही. आता पोर म्हणजे रकान्यातला आकडा झाला होता, आणि आपला आकडा दुसऱ्याच्या घरी वर्षभर ठेवायला कोण देतो? पोरं घरीच राहिली आणि एकच भाषा शिकून मोठी झाली.

एटेल सप्टेंबरात गेली. स्टेशनावर तिने आईला एवढंच विचारलं, "बत्तीस होती ना गं?" रोझालने रुमालात बांधून आणलेली भाकरी तिच्या हातात दिली आणि गाडीच्या इंजिनाकडे बघितलं.

तर हिशेब असा झाला. साहेबाचं काही गेलं नाही. श्वाबांना नको असलेली आठ डोकी फुकट मिळाली. एटेल डोंगरात गेली, फिशरांची तिघं जर्मन बाकावर मुकी बसली. रोझाल नेनीला लेक गमवावी लागली, पण निदान आपण काय विकत घ्यायला निघालो होतो हे तिला ठाऊक होतं. पिरोश्काला कुणीच काही विचारलं नव्हतं, तिला त्यातून काही मिळणारही नव्हतं, आणि किंमत म्हणून तिने मात्र एक अख्खं घर दिलं.