पालथं चित्र

लाँड्रीवाल्या मावशींना चित्रातलं काही कळत नव्हतं, आणि तसं कुणी म्हटलेलं त्यांना खपतही नव्हतं.

कापडाची गिरणी बंद पडली तशी गल्लीची रया गेली. लोक चादरी घरीच धुवायला लागले. अशा दिवसांत, गिरणीत नक्षी काढणाऱ्या पेंटरने शाळेच्या हॉलमध्ये आपली चित्रं मांडली. माणसं आली, चहा प्याली आणि माना डोलावत, पाकिटाला हात न लावता दाराकडे सरकली. मावशींचा पारा चढला. हॉलच्या मधोमध उभ्या राहून त्या कडाडल्या, "नुसत्या वाहवानं कुणाची चूल पेटत नाही. ते सगळ्यांत मोठं माझं. शिडाची जहाजं बघा कशी निघालीत, वारा अंगाला लागतोय."

पेंटर नुसता हसला. टाळ्या पडल्या, आणि लाजेकाजेस्तव आणखी काही चित्रं गेली. मग कितीतरी दिवस मावशींचे पाय जमिनीला लागत नव्हते. आपल्या माणसाच्या कलेला आपणच हात द्यायचा असतो, हे त्यांनी भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवलं.

चित्र जाड प्लायवूडवर होतं. कॅनव्हास पेंटरला परवडत नव्हता. घरात मोकळी भिंत नव्हती. इस्त्रीच्या टेबलाची फळी मात्र चिरली होती. मावशींनी प्लायवूड ठोकून पाहिलं, टेबलाच्या लोखंडी चौकटीवर पालथं घातलं आणि वर ब्लँकेट ताणून बांधलं. "थोडे दिवस," सुनेला म्हणाल्या. ते थोडे दिवस संपलेच नाहीत.

एका दुपारी पेंटर दुकानात आला. मावशी त्याच टेबलावर शर्टाची कॉलर दाबत होत्या.

"मावशी, तुमच्याकडचं चित्र थोडे दिवस उसनं द्याल? शहरातल्या गॅलरीवाल्यानं त्याचा फोटो पाहिलाय. ते असेल तरच बाकीची लावतो म्हणतो."

मावशींचा हात जागीच थांबला. "ते होय? ते लेकीकडे आहे. बाहेरच्या खोलीत लावलंय तिनं. येणारा-जाणारा विचारतो, कुणाचं म्हणून."

पेंटरचा चेहरा असा उजळला की मावशींना तिकडे बघवेना.

"ताई देतील ना? भिंतीवर रुळलेलं चित्र काढून द्यायला जिवावर येतं."

"देईल की. न देऊन सांगते कुणाला. रविवारी ये."

तो टेबलावर कोपर टेकून आणखी थोडा वेळ गॅलरीबद्दल बोलला आणि गेला.

"आई, कॉलर जळाली," सून म्हणाली. "आणि ताईंच्या खोलीत कॅलेंडर लावायला जागा नाही."

"तुला विचारलं मी?"

"नाही. शर्टवाल्याला काय सांगायचं, तेवढं सांगून ठेवा."

शटर अर्धं ओढून दोघींनी फळी उचलली. ती करकरत निघाली; चौकटीच्या पट्ट्यांना रंगाचे पापुद्रे चिकटून राहिले. उरलेल्या रंगावर उष्णतेनं फोड आले होते. मावशींनी फळी उजेडाला धरली आणि पहिल्यांदाच चित्र नीट पाहिलं. ती जहाजं नव्हती. त्यांच्याच मागच्या अंगणातल्या दोऱ्या होत्या, दोऱ्यांवर चादरी, चादरींना चिमटे. एकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली होती. गिऱ्हाइकांचे कपडे मिसळू नयेत म्हणून मावशी स्वतः घालत, ती.

"तुला कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या हॉलला कळलं होतं, आई."

मावशी स्टुलावर बसल्या. सून हळूच म्हणाली, "ताईंकडे पाणी शिरलं म्हणून सांगा."

सांगता आलं असतं. असल्या थापा मावशींच्या जिभेवर तयारच असत. पण तो माणूस रविवारपर्यंत खुशीत राहणार होता, आणि ती खुशी त्यांच्या थापेवर उभी होती. त्यांनी फळी काखेत मारली.

"नवी फळी का मावशी?" कोपऱ्यावरच्या शिंप्यानं विचारलं. मावशींनी रंगाची बाजू अंगाकडे वळवली आणि चालत राहिल्या.

पेंटर चित्रासाठी पुठ्ठ्याची पेटी बांधत बसला होता.

"लेकीकडे नव्हतं," मावशी उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "इस्त्रीच्या टेबलाला घातलं होतं. पालथं."

त्यानं फोडांवरून बोट फिरवलं. मग पेटीची दोरी सोडायला घेतली.

"अरे, चार शब्द बोल मला."

"काय बोलू? त्या दिवशी तुम्ही बोलला नसता तर एकही चित्र गेलं नसतं."

याच्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं, असं मावशींना झालं.

"पुन्हा काढता येईल?"

"समोर दिसायला हवं, मावशी. आता तुमच्या दोऱ्या मोकळ्याच असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी घरातली सगळी कपाटं उपसली. दुसऱ्यांची कापडं पांढरीशुभ्र करणाऱ्या या बाईनं स्वतःचं अंथरूण कधी गल्लीला दाखवलं नव्हतं. पिवळट चादरी, ठिगळांचे पलंगपोस, उसवलेले अभ्रे, सगळं त्यांनी दोऱ्यांवर टांगलं. वरच्या मजल्यावरच्या बायका सज्जात येऊन बघत राहिल्या. एक म्हणाली, "बघितलंस? लाँड्रीवालीच्या घरात ही कळा."

मावशींनी वर मान केली नाही.

उशिरानं पेंटर आला. गॅलरीवाला थांबेल का, त्याला माहीत नव्हतं. त्यानं मांडीवर कोरं प्लायवूड घेतलं आणि म्हणाला, "ते ठिगळाचं जरा पुढे घ्या."

मावशींनी चिमटे काढले आणि ठिगळ पुढे घेतलं.