हात सुटल्यावर

टेकडीवर वारा चांगला होता, पण विल्माचं मन काही थाऱ्यावर नव्हतं. नवरा जाऊन चार महिने झालेले. बोलता बोलता खुर्चीतच गेला क्तिबोर. ना आजार, ना निरोप. घरभर अजून त्याच्या गोंदाचा वास यायचा. खालच्या खोलीत कुणीतरी लाकूड घासतंय असं वाटून ती जिन्यातच थबकायची. लाकडाची विमानं बनवायचा तो; त्याच्या हातचं एवढं एकच ग्लायडर, रिमोटवर चालणारं बिनइंजिनाचं छोटं विमान, आता तिच्याकडे उरलं होतं.

"वहिनी, घाबरता काय!" एर्विन म्हणाला. क्तिबोरचा जुना दोस्त, तोंडाचा फटकळ. "तुम्ही पाडलंत तरी तो वरून शिव्या मलाच घालणार."

दोघांनी आलुबुखाराच्या दारूचा एकेक घोट घेतला, क्तिबोरच्या नावाने थोडी गवतावर ओतली, आणि एर्विनने विमान वाऱ्यावर फेकलं.

छान चढलं. विल्मा रिमोटची दांडी जिकडे वळवेल तिकडे वळत होतं. आणि एकदम रिमोट किंचाळायला लागला. तिने दांडी उजवीकडे दाबली. काही नाही. डावीकडे दाबली. विमान ऐकेचना!

"सिग्नल गेला! रिमोट डोक्यावर धरा, वहिनी, उंच!"

तिने धरला. टेकडीमागे नुसतं जंगल. तिकडे गेलं की संपलं. देवा, एवढं तरी नेऊ नकोस रे.

तेवढ्यात विमान डावीकडे कललं. पंखांवरच्या झडपा उघडल्या आणि ते सावकाश, मोठं वळण घेत उतरू लागलं. क्तिबोर अस्साच उतरवायचा, नेहमी डावीकडून. विल्माच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. एर्विनने घाईघाईने क्रुसाची खूण केली.

घिरट्या घालत विमान तिच्यासमोरच गवतात टेकलं. साधा ओरखडाही नाही.

"भूतबीत काही नाही हो," एर्विन म्हणाला, पण त्याचाच आवाज बसला होता. "सिग्नल तुटला तर विमानाने काय करायचं, ते आधीच आत भरून ठेवता येतं. आम्ही सगळे कंटाळा करतो. त्याने तेवढं करून ठेवलं होतं बघा. किती काळजी घेणारा माणूस!"

विल्मा गुडघ्यांवर बसली. पंखावरून हात फिरवला, आणि मग त्याच हाताने एक चापट मारली.

"शहाण्या," ती रडत म्हणाली, "तुझा हात सुटल्यावर काय करायचं, ते या लाकडाला सांगून गेलास. मला का नाही सांगितलंस रे?"