चोविसावी डबी

सून डबी उघडून खिडकीच्या उजेडाकडे धरते आणि काहीच बोलत नाही, तेव्हा समजावं की बोलण्यासारखं बरंच काही आहे. मलमवालीने लेबलं चिकटवता चिकटवता चष्मा कपाळावर ढकलला.

"काय गं, आत कुणी ओळखीचं दिसलं का?"

"आई, डाग आहे."

झाकणाच्या आतल्या कडेला मोहरीएवढा करडा ठिपका होता. सुनेने दुसरी डबी उघडली, तिच्यात दोन. तिसरीत ठिपका नव्हता, पण न वाळलेल्या फडक्यासारखा वास होता.

मलमवाली ही काही ऐरीगैरी बाई नव्हती. बत्तीस वर्षं ती कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवत होती, तेलात मंद आचेवर कढवत होती आणि त्यात मेण घालून हिरवं मलम करत होती. टाचेच्या भेगा म्हणू नका, गजकर्ण म्हणू नका, गल्लीतल्या निम्म्या कातड्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. शाळा तिसरीतच सुटली. पण मलमाच्या बाबतीत कुणी शहाणपण शिकवायला आलं, तर तिने त्याला दारातल्या दारातच वाटेला लावलं.

सुनेला मात्र दारातून वाटेला लावता येत नव्हतं, हीच काय ती अडचण. सून रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिचं म्हणणं, आताच्या बायकांना चिकट मलम नको, हलकं क्रीम हवं. म्हणून यंदा पहिल्यांदाच पाला पाण्यात उकळून त्याचा अर्क काढला, तेल घोटून घोटून त्यात मिसळलं. पांढरंशुभ्र क्रीम झालं. शेवटी त्यात एका तपकिरी बाटलीतलं औषध घालायचं होतं. सून त्याला प्रिझर्व्हेटिव्ह म्हणायची. त्या दिवशी तिला लॅबमधून बोलावणं आलं, तेव्हा तिने ते मापून काचेच्या पेल्यात ठेवलं आणि बजावलं, "कोमट झालं की हे घाला, आई. विसरू नका."

मलमवाली विसरली नव्हती. विसरली असती तर एक वेळ परवडलं असतं. तिने पेला नाकाशी धरला, तोंड वाकडं केलं आणि तो मोरीत रिकामा केला. जो पाला जंतूंचा काळ, त्याला जंतूंपासून वाचवायला दुसरा राखणदार ठेवायचा? वाघाच्या गुहेला कुलूप लावण्यातला प्रकार. बत्तीस वर्षांत तिच्या एका डबीला बुरशी धरली नव्हती, आणि हे अगदी खरं होतं. फक्त त्या बत्तीस वर्षांच्या डब्यांत पाण्याचा थेंब नव्हता आणि पाण्याशिवाय बुरशी धरत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

"माझंच माप चुकलं," सून म्हणाली. तिने वही काढली, आकडे पुन्हा मांडले, पुन्हा खोडले. "कमी घेतलं असणार मी. एवढी कशी मी आंधळी."

मलमवाली लेबलं चिकटवत राहिली. एक लेबल उलटं चिकटलं.

सुनेने फळीवरच्या डब्या खाली उतरवल्या. "चोवीस भरल्या होत्या. या तेवीस. चोविसावी कुठंय?"

आता मात्र मलमवालीने हातातलं लेबल खाली ठेवलं. चोविसावी तिनेच दिली होती, चार दिवसांपूर्वी, कोपऱ्यावरच्या शिंप्याला. टाचेच्या भेगांसाठी. शिंप्याला साखरेचा आजार, आणि त्याच तळपायाला, करंगळीखाली, एक न भरणारी जखम.

दोघी पायांत चपला सरकवून निघाल्या. सून पुढे, सासू मागे. एरवी हे कधी घडलं नव्हतं.

शिंप्याच्या दुकानात मशीनवर कापड टाकलेलं होतं. कापायच्या टेबलावर शिंपी आडवा पडला होता, पाय कापडांच्या गठ्ठ्यावर. घोटा फुगून चकाकत होता. शिंपीण त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती.

"या, मलमवाली," शिंपी म्हणाला. दात वाजत होते, तरी हसला. "तुमचीच वाट बघत होतो."

"जखमेवर लावलंत का ते?" सुनेने विचारलं.

"लावलं की. भेगांना एवढं चांगलं, तर जखमेला का नाही? पाला तर तोच ना?"

मलमवालीला ते ओळखीचं वाटलं. अगदी आपल्याच तोंडचं.

गाडी करून त्याला डबीसकट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली, जखमेच्या कडा दाबून बघितल्या, डबी उघडून झाकण निरखलं.

"हे बिघडू नये म्हणून यात काही घातलंय?"

"हो, प्रिझर्व्हेटिव्ह आहे," सून म्हणाली. "माझ्या मापात थोडी चूक झाली असेल."

"थोडं इकडेतिकडे झालं म्हणून एवढं होत नाही. झाकण उघडं राहिलं असेल. जखम आधीपासूनच चिघळत होती, त्यात साखर वाढलेली." त्यांनी कागद ओढला. "गोळ्या देतो. घरी आराम करू दे, परवा दाखवा."

पेन चालू लागलं. मलमवालीला अक्षर लागत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. एक झाली. दुसरी सुरू झाली. शिंपीण पदराने नवऱ्याचा घाम टिपत होती. सून मान खाली घालून उभी होती, आपण न केलेल्या चुकीचं ओझं घेऊन. आणखी एखादी ओळ, की कागद फाडून हातात येणार आणि हा माणूस घरी जाणार.

"थांबा, डॉक्टर," मलमवाली म्हणाली. "ते कमी नाही. ते त्यात नाहीच."

पेन थांबलं.

"हिने बरोबर मापून ठेवलं होतं. मी मोरीत ओतलं."

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. "म्हणजे यात जंतू माजले असणार, आणि तेच जखमेत गेलेत. किती दिवस लावताहेत?"

"चार," शिंपीण म्हणाली.

मग सगळं भराभर झालं. नर्सला हाक गेली, जखमेतला पू तपासणीला काढला, शिंप्याला खाटेवर घेतलं, हाताला सलाईन लागलं. डबीही ठेवून घेतली. डॉक्टर जाता जाता एवढंच म्हणाले, "घरी पाठवणार होतो मी."

बाहेरच्या बाकावर तिघी बसल्या. शिंपीण म्हणाली, "तुम्ही दिलंत म्हणून आम्ही डोळे झाकून लावलं, ताई." आणि उठून आत गेली. ती रागावली असती तर मलमवालीला सोपं गेलं असतं.

सून सासूकडे वळली. "मी तीनदा आकडे मांडले. तुम्ही समोर बसला होतात."

"होते."

"एक शब्द नाही बोललात."

"बत्तीस वर्षांत कुणी माझी चूक दाखवली नाही," मलमवाली म्हणाली. "म्हणून ती नसतेच, असं वाटायला लागतं."

"मी दाखवायचे तेव्हा तुम्ही मला लॅबवाली म्हणायचात."

"अजून म्हणेन," मलमवाली म्हणाली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

शिंप्याचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पाय वाचला, एक करंगळी गेली. त्या मधल्या दोन दिवसांत मलमवालीने तेवीसच्या तेवीस डब्या स्वतः खरवडून रिकाम्या केल्या, कुणाला हात लावू दिला नाही.

पुढचं क्रीम केलं तेव्हा तिने तपकिरी बाटली उचलली आणि सुनेला हाक मारली. "ये गं लॅबवाले. मी घालतेय. बघ."

"घाला की. मी कशाला?"

"बघ म्हटलं ना."

सून येऊन उभी राहिली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत राहिली.

दुपारी इस्त्रीवाली डबी न्यायला आली. मलमवालीने डबी तिच्या हातावर ठेवली, पण सोडली नाही. "भेगांना लावायचं. उघड्या जखमेवर नाही. वास बदलला तर फेकून द्यायचं, मला विचारायलासुद्धा यायचं नाही."

"आधी असलं काही सांगत नव्हतात तुम्ही."

"आधी मला माहीत नव्हतं," मलमवाली म्हणाली, आणि डबी सोडली.